गोठ्यातले चमचे

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, साल १९४६. जागा: साताऱ्याच्या आमच्या घराचा सोपा. हजर: सासूबाई; चुलत सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले; गोठ्याकडचा गडी; पाचगणीहून आलेली आया; आणि मी. गैरहजर: माझे यजमान, ते पलटणीत. पेटी एक. आत नग तीस.

हे मी आठवणीतून लिहीत नाही, वहीतून उतरवते आहे. मराठी सातवी झालेली सून घरात आली म्हणून पहिल्याच वर्षी सगळ्या याद्या माझ्या गळ्यात आल्या. वाणसामान, धुणं, रोजकऱ्यांची हजेरी, लग्नातल्या आहेराची भांडी. वहीच्या त्या पानावर एक काळा, चिकट डाग आहे. अजून नखाला लागतो. तो कशाचा ते पुढे येईलच.

आया म्हणजे आमचा ऊस करणाऱ्या वाटेकऱ्याची बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा ती पाचगणीला एका मडमेकडे मुलं सांभाळायला राहिली. वीस वर्षं राहिली. मडम विलायतेला जायला निघाली तेव्हा तिने ही पेटी आयाच्या हातात दिली आणि चांदीची आहे असं सांगितलं. आयाला त्यातून एकच गोष्ट हवी होती: भावाच्या परड्यात स्वतःच्या दोन खोल्या.

"भावजयीच्या चुलीम्होरं मला म्हातारपण काढायचं न्हाई, आक्कासाब," ती सासूबाईंना म्हणाली. "आज ती भाकर वाढती, उद्या तीच म्हनंल, उठ हितनं. माजं दार माज्या हातात पायजे. पर ही चांदी खरी का खोटी, ते मला काय म्हाईत? मी पोरं धुतली. टेबलाचं समदं बटलराकडं हुतं."

म्हणून ती आमच्याकडे आली. सुभेदारांनी साहेबांच्या मेसमध्ये वर्षं काढली होती, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसेल त्याला ते स्वतः सांगत.

पेटी उघडली आणि पहिल्यांदा वास आला. आतली हिरवी मखमल तेलकट होऊन काळवंडलेली. जुन्या चरबीचा, बंद तोंडाचा आणि अंड्याचा असा एकत्र वास. आम्ही काही सोवळी माणसं नव्हतो. घरात मटण शिजायचं, अंडीही. पण आम्ही हाताने खातो आणि हात धुतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडातून वर्षानुवर्षं आतबाहेर झालेला दातेरी पंजा, त्याच्या दोन दातांच्या फटीत वाळून बसलेला पिवळा कण, आणि तो मी उचलून मोजायचा. सासूबाईंनी पदराच्या टोकात धरून एक काटा वर केला, पाहिला आणि टाकला.

"ह्यानं खात्यात? आमच्यात ह्यानं वैरण वडत्यात."

तीस नगांचे दोन रंग होते. सहा चमचे आणि सहा काटे काळे; नुसते मळलेले नाहीत, तपकिरी-काळे, तव्याच्या बुडासारखे. सहा चमचे आणि सहा काटे पांढरे लख्ख, जणू कालच घेतलेले. उरलेल्या सहा सुऱ्या मात्र अर्ध्या-अर्ध्या: मूठ काळी, पातं पांढरं. मी तसं लिहिलं. मागच्या बाजूला काय खुणा आहेत तेही लिहिलं, कारण यादी अर्धवट ठेवणं मला जमत नाही. पांढऱ्यांवर इंग्रजी अक्षरांची लांब ओळ. काळ्यांवर चार बारीक चौकोन, एकात जनावर. मी लिहिलं: 'मांजर, चालतं.'

सुभेदारांनी पहिला चमचा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि सरळ तोंडात घातला.

"चांदी जिभंला गार लागती," ते म्हणाले, आणि दुसरा घातला. मग तिसरा. काट्यांचे दातसुद्धा त्यांनी एक-एक करून चोखले. तंबाखूने पिवळ्या झालेल्या त्या मिश्या, लाळेने ओला झालेला नग, आणि तो माझ्या हातात, नोंद करून ढिगात ठेवायला. तीसही नग त्यांनी असे पारखले. गडी तोंड फिरवून उभा राहिला. मला तेवढीही सोय नव्हती.

"पांढरं ते खरं," सुभेदारांनी निकाल दिला. "काळं ते खोटं. जर्मन शिलवर."

मी म्हटलं, "मामंजी, माझी जोडवीपण काळी पडतात. चिंचेनं घासते तेव्हा उजळतात."

"ती आपल्या सोनाराची. त्यात भेसळ. म्हनून पडत्यात." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "आगं, आता राजाच्या रुपयात भेसळ हाय. पर सायबाच्या घरातली चांदी? ती कशी काळी पडंल? मेसात मी बघितल्यात, आरशावानी असत्यात."

"बटलर तर रोज घासायचा वो ह्या काळ्या," आया म्हणाली. "पावडर लावून घासायचा. चार दिस झालं की पुन्ना काळं. पांढऱ्यास्नी कवा हातबी लावत नव्हता."

"मग काय सांगतोय मी! रोज घासावं लागतंय ते कुठलं खरं?"

सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. इंग्रजाच्या घरातली वस्तू आपल्यापेक्षा शुद्धच असणार, हा समज आमच्या हाडात इतका मुरला होता, की माझ्या पायातली जोडवी डोळ्यांसमोर असूनही मी गप्प बसले.

राहिल्या सुऱ्या. सुभेदारांचा हिशोब सोपा होता: पातं खरं, मूठ खोटी. मुठी निखाऱ्यावर धरल्या. आत भरलेली राळ वितळली, काळा रस खदखदत बाहेर आला आणि सोप्यात जळक्या डांबराचा असा दर्प पसरला की सासूबाई देवाची आरती घेऊन माजघरात गेल्या. गड्याने पाती उपसली. एक थेंब माझ्या वहीवर उडाला. तोच हा डाग.

त्या दिवशी घरात लक्ष्मीची पूजा होती. सासूबाईंनी पांढऱ्यातला एक चमचा मागून घेतला, देवीला पंचामृत घालायला. आयाने तो दोन्ही हातांनी दिला. तिला तो मान वाटला.

"आन् ह्या काळ्यांचं काय करू?" तिने विचारलं.

"फेक," सुभेदार म्हणाले.

"फेकू कशाला?" आया म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ द्या. गोठ्याला व्हतील."

अशा रीतीने सहा काळे चमचे, सहा काळे काटे आणि सहा रिकाम्या मुठी आमच्या गोठ्यात गेल्या. उरलेले पांढरे चमचे-काटे आणि सहा पाती आयाने फडक्यात बांधली. निघताना तिने सुभेदारांच्या पाया पडून घेतलं.

संक्रांतीला मला माहेरी, सांगलीला जायचं होतं. आमच्या माहेरचा सोनार विश्वासाचा, म्हणून आया माझ्याबरोबर निघाली. कराडला सर्व्हिस मोटार बदलली. सबंध वाटभर तिने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कराडला मी भजी घेतली, तर तिने एका हातानेच खाल्ली.

"दोन खोल्या," ती सांगत होती. "एकीत चूल, एकीत मी. दार उगवतीला. भावजय आली तर चा देईन. पाटावर बसवीन. पर जेवायला ऱ्हा म्हननार न्हाई बगा."

आणि आपल्याच बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसली.

सांगलीच्या सोनाराने फडकं सोडलं, एक चमचा तळहातावर तोलला. ड्रॉवरमधून लोहचुंबक काढलं. सुरीच्या पात्याजवळ नेलं, तर पातं टक्कन चिकटलं.

"हे लोखंड."

मग चमच्याजवळ नेलं. चमचा जागचा हलला नाही.

"न्हाई चिकाटलं!" आया एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

"थांबा बाई. न चिकटणारंही लोखंड निघालंय आता." त्याने मला पायातलं एक जोडवं मागितलं. कसोटीच्या काळ्या दगडावर त्याची रेघ ओढली, शेजारी चमचा घासला. जोडव्याची रेघ मऊ, पांढरी उठली. चमच्याची जेमतेम ओरखडाभर. दोन्हींवर तेजाबाचा थेंब आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा. जोडव्याच्या रेघेवर दूध फुटावं तसा पांढरा साका धरला. चमच्याच्या ओरखड्यावर काही झालं नाही. थेंब नुसता उभा राहिला, पावसाच्या पाण्यासारखा.

"स्टेनलेस," सोनार म्हणाला. "विलायती. गंजत नाही, डागत नाही. वस्तू चांगली आहे हो, पण चांदी नव्हे. आणि ही पाती कुणी उपसली? चांदीच्या सुरीलासुद्धा पातं पोलादाचंच लावतात. चांदीला धार कुठली यायला?"

मी विचारलं, "मग मुठी?"

"मुठी होत्या? काळ्या पडलेल्या?" तो पुढे वाकला. "ताई, चांदी काळी पडतेच. अंड्याला लागली की जास्तच. खऱ्या विलायती चांदीवर मागे बारीक सिंह असतो. चालणारा. एक पाय उचललेला."

माझ्या पिशवीत वही होती. मी पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'काळे, नग बारा. मागे मांजर, चालतं.' सोनाराने ते वाचलं. हसला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

आणखी एक खूण त्याने सांगितली. चांदीचा चमचा गरम चहात बुडवला तर दांडा लगेच चटका देतो; स्टेनलेसचा बराच वेळ थंड राहतो. आया ऐकत होती. तिने चमचे मोजून परत फडक्यात बांधले आणि म्हणाली, "मंजी गोठ्यातल्या माज्या खऱ्या."

"हो," मी म्हटलं. "परत गेलो की पहिलं काम तेच. सगळे काढून देते तुम्हाला."

हे मी बोलले. हेही वहीत आहे.

संक्रांत आटोपून साताऱ्याला परतलो. आया भावाकडे गेली, मी थेट गोठ्यात. एक चमचा म्हशीला औषध पाजायच्या नळकांड्यात सापडला, गुळाचा आणि हिंगाचा थर चढलेला. दोन शेणाच्या पाटीत. काट्यांनी गडी मोरीचं भोक मोकळं करत होता. त्यांच्या दातांत केस आणि भाताचा लगदा अडकला होता. मी एक-एक नग बाहेर काढत होते आणि उमासे दाबत होते. औषधाचा चमचा राखेने घासून मी चुलीवरच्या चहात बुडवला. दांडा धरलेल्या बोटाला चटका बसला. मी खरोखर आनंदाने ओरडले.

माझी चूक ती हीच. मी तशीच माजघरात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

सुभेदार पेपर वाचत होते. "सोनार काय लढाईवर गेलाय व्हय?" ते म्हणाले. "खोटं त्ये खोटं. मी सांगितलंय." आणि पुन्हा पेपरात शिरले. ते मरेपर्यंत त्यांनी हे बदललं नाही.

सासूबाईंनी मला चूल बघायला सांगितली. दुपारी मी परसात गेले तर त्या दगडावर बसून चिंच आणि राख लावून काटे घासत होत्या. स्वतःच्या हाताने. ज्या बाईने ते पदराच्या टोकात धरले होते, ती आता दातांच्या फटीत अंगठ्याचं नख घालून घाण काढत होती. शेजारी मुठी ओळीने मांडलेल्या. घासलेला भाग पिठूर चांदण्यासारखा उजळला होता.

"आत्याबाई, त्या आयाच्या आहेत."

"तिनं दिल्यात."

"खोट्या समजून दिल्यात. आपण सांगितलं म्हणून."

"मग आपन चुकलो म्हनायचं?" त्यांनी वर पाहिलं. "सुभेदारांचं तोंड कुठं ठेवायचं? गावात काय सांगायचं, की ह्यास्नी चांदी कळत न्हाई? त्या खोट्याच हायेत. आन् तू त्वांड बंद ठेव. लय शिकलीयास ते म्हाईत हाय."

ज्या वस्तू खोट्या होत्या त्या त्यांनी मोजून कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. देव्हाऱ्यातला पांढरा चमचा मात्र त्याच संध्याकाळी बाहेर आला. तो त्यांनी मोरीपाशी टाकला, दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ टाकावं तसा.

आया चार दिवसांनी आली. सासूबाईंनी तिला पाटावर बसवलं, चहा-तिळगूळ दिला, हळदकुंकू लावलं. गोठ्यातल्या वस्तू हरवल्या, गड्याने कुठं टाकल्या कुणास ठाऊक, असं सांगितलं. गडी दारात उभा होता. त्याने मान हलवली. आयाने माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं आणि कप उचलून आत नेले.

पाडव्याला देव्हाऱ्यात चांदीचं नवीन ताम्हण आलं. जड, चांगल्या घडणीचं. सासूबाई सगळ्यांना सांगत, माहेराहून आलं. त्या वर्षी आया देवदर्शनाला घरी आली तेव्हा त्या ताम्हणापुढे वाकली, त्यातलं तीर्थ घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मी मागे उभी होते. माझ्या घशात तोच पेटीचा वास आला. जुनी चरबी आणि अंडं. तेव्हापासून त्या ताम्हणातलं तीर्थ मी ओठांना लावते, पीत नाही.

दोन खोल्या झाल्या नाहीत. परड्यात जिथे आयाने दार धरलं होतं, तिथे भावजयीने कोंबड्यांचं खुराडं घातलं. आया ओसरीच्या कोपऱ्यात, पोत्यांशेजारी झोपायची. ते पांढरे चमचे-काटे तिने बरीच वर्षं ठेवले. मग एक-एक करून भावाच्या मुलांनी नेले. स्टेनलेसची तिला काडीइतकीही किळस नव्हती. उलट, एकदा मला म्हणाली, "ह्या बऱ्या, वैनी. हाय तशाच दिसत्यात, आतनं-भाईरनं."

ती मुद्दाम बोलली की सहज, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आता सुभेदार नाहीत, सासूबाई नाहीत. घर माझ्या हातात आहे, कपाटाची किल्लीही. घरोघरी मांडणीवर स्टेनलेसची भांडी आली, नावं घालून घेतलेली. बायका मला दुकानात विचारतात, कुठलं चांगलं, आणि मी सांगते. चांदी ओळखायलाही मलाच बोलावतात. मी चहात बुडवून दाखवते. सगळे कौतुक करतात. मला स्वतःची शिसारी येते.

आया अजून आहे. भावाच्या नातवाकडे, त्याच ओसरीवर. डोळ्यांनी कमी दिसतं. गेल्या महिन्यात मी गेले होते, बरोबर गूळ आणि एक नऊवारी घेऊन. माझ्या पिशवीत तळाशी तो एक चमचाही होता, ज्याने म्हशीला औषध पाजलं आणि मला चटका दिला. तो मी त्या दिवशी पदरात दडवला होता आणि कपाटात जाऊ दिला नव्हता. तिने लुगडं चाचपलं, छान आहे म्हणाली. नातसून तिच्या समोर भाकरी ठेवत होती, जरा आपटूनच. मी पिशवीत हात घातला, चमच्याला हात लागला, आणि गूळ काढून दिला. चमचा परत घरी आणला.

कारणं माझ्याकडे तयार असतात. यजमानांना त्यांच्या आईबद्दल काय सांगू. ताम्हण मोडून द्यावं की आहे तसं द्यावं. देवाचं मोडावं का. सगळी वहीत लिहिली आहेत, एकाखाली एक. सगळी वाचून पाहिली, तर प्रत्येकात मीच माझं तोंड कुठं ठेवायचं ते शोधते आहे.

आज गुरुवार, मार्गशीर्षातलाच. आजच्या यादीत चार कामं होती. गहू वाळवायला घातले. वीजबिल भरलं. जावेच्या मुलीच्या लग्नाची भांडी पसंत केली, सगळी स्टेनलेस. तिन्हींवर काट मारली आहे.

चौथं: ताम्हण आणि एक चमचा आयाला नेऊन देणे, आणि कशाचं आहे ते सांगणे. ताम्हण घासून, फडक्यात बांधून सोप्यावर ठेवलं आहे. आयाच्या गावाकडे जाणारी शेवटची मोटार पाचला होती.